सत्तर पानांचा पुडा

करार आला अकरा पानांचा.
निकुरे बाबूंनी टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर
कुठल्याशा चोरीच्या खटल्यात जप्त झालेलं,
कुणी परत न नेलेलं सायकलचं कुलूप.
"सही करण्याआधी वाचून घ्या मॅडम," म्हणाले,
"मी नाही वाचला. मला फक्त पोच पाहिजे."

कुरखेड्याच्या कोर्टात आजवर मी पॅनेलवरची.
फुकटचा वकील, असं पोलीस सांगतात आरोपीला,
'फुकट'वर जरा जास्तच जोर देऊन.
एका खटल्याचे इतके, असं बिल करायचं,
ते गडचिरोलीला जायचं,
एक सही कमी म्हणून परत यायचं,
आणि पैसे मिळेतो आरोपी सुटून,
लग्न करून, बाप झालेला.

आता दरमहा मानधन. मुदत दोन वर्षं.
खाजगी केस घ्यायची नाही,
म्हणजे मामाच्या धुऱ्याचं भांडणसुद्धा नाही.
कलम नऊ : दर सहा महिन्यांनी कामाचं मूल्यमापन,
निकाली प्रकरणांची संख्या, तक्ता ब.
समाधानकारक नसल्यास महिन्याची नोटीस.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.
पहिल्या तारखेला पैसे!
स्कूटीचा हप्ता, पोरीच्या वसतिगृहाची फी,
बोटांवर मोजलं
आणि चक्क दोन बोटं उरली.

चैतू उसेंडीला त्याच दिवशी तारखेवर आणलं होतं.
दोन सागवानी बल्ल्या, एक कुऱ्हाड,
पंचनाम्यावर दोन अंगठे.
जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले;
हमी द्यायला सातबारावाला माणूस
त्याच्या टोल्यात एकही नाही.
त्याला म्हटलं, आता माझा सरकारशी करार होतोय.
शिपायाकडे तंबाखू मागत होता, थांबला.
"म्हंजे ठेका का जी?"
तसंच समज.
"मंग तुमचा पुडा कितीचा?"

मला कळेना.
एक हात शिपायाच्या हातात,
दुसऱ्याच हाताने त्यानं हवेत रचून दाखवलं :
तेंदूची सत्तर पानं, एकावर एक,
वाकानं बांधायची,
संध्याकाळी फडीवर रांगेत मांडायची.
ठेकेदाराचा मुन्शी काठी घेऊन फिरतो.
"भोकाचं पान दिसलं का फेकते जी मुन्शी.
अख्खा पुडाच फेकते.
मंग आमी काय करतो,
भोकाचं पान झाडालेच राहू देतो.
तोडतच नाही."
आणि हसला, समोरचा एक दात नसलेलं.

पुकारा झाला.
साक्षीदार वनरक्षक बदली होऊन सिरोंच्याला,
समन्स तामील नाही.
पुढची तारीख.
चैतू गाडीकडे गेला, मागे न बघता,
त्याला सवय झाली आहे.
मी तक्ता ब पुन्हा काढून पाहिला.
निकाली, तडजोड, सुटका, शिक्षा.
नुसत्याच असलेल्या माणसाला रकाना नाही.

साडेपाचला सही केली, अकराही पानांवर,
शेवटच्या पानावर दोनदा.
निकुरे बाबूंनी कुलूप बाजूला सारलं,
फाइलला लावायला पंचिंग मशीन दाबलं :
प्रत्येक पानाला दोन भोकं.
मला हसू आलं. ते म्हणाले, काय झालं?
काही नाही म्हटलं.

घरी बॅग रिकामी करताना
खालच्या कप्प्यात सापडला,
चैतूला जातमुचलक्यावर सोडावं म्हणून केलेला अर्ज.
माझ्याच अक्षरात. चार महिन्यांपूर्वीचा.
तेव्हा करार नव्हता, तक्ता नव्हता,
मुन्शीही नव्हता कुणी.
त्या अर्जाचं वेगळं बिल होत नव्हतं,
एवढंच.

जुनी तारीख खोडली.
उद्याची घातली.
मग वाटलं, खाडाखोड चालणार नाही,
म्हणून नवा कागद घेतला
आणि पहिल्यापासून लिहायला बसले.